अँजिओप्लास्टीचा खर्च : गासच्या घरांनी आधीच करून ठेवायची तयारी

घरातलं माणूस छातीवर हात दाबून घामाघूम झालं की कुणी भाव विचारत बसत नाही, आणि बसूही नये. पण त्याचा परिणाम असा होतो की अँजिओप्लास्टीवर दोन-अडीच लाख रुपये खर्च होतात आणि ते कशाकशावर गेले, हे नंतर घरात कुणालाच सांगता येत नाही. वसईच्या गास, भुईगाव, निर्मळ, सोपारा या पट्ट्यातल्या घरांसाठी हा लेख लिहिला आहे. त्यातले खासगी रुग्णालयांचे आकडे ढोबळ आहेत, कारण ते रुग्णालयागणिक बदलतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. स्टेंटचा कमाल भाव सरकारने बांधून दिला आहे. त्यामुळे बिल लहान होणार की मोठं, हे आता स्टेंटवर फारसं ठरत नाही. आपण घाईत गेलो की ठरवून, कोणत्या रुग्णालयात गेलो आणि जाताना कोणते कागद तयार होते, यावर ते ठरतं.

अँजिओप्लास्टीत नेमकं काय करतात?

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आत चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून एक पोकळ नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखाली चित्र घेतलं की ती अँजिओग्राफी. ही झाली तपासणी. ब्लॉकेज दिसल्यावर साधारण 0.36 मिलिमीटर जाडीची तार त्यातून पलीकडे नेतात, तारेवरून फुगा सरकवतात, तो काही सेकंद दाबाने फुगवतात आणि मग तिथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. ही अँजिओप्लास्टी. आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी 1977 साली झुरिकमध्ये फुग्याने पहिल्यांदा हृदयाची धमनी उघडली. स्टेंट 1986 मध्ये आला. रुग्ण शुद्धीत असतो, छाती उघडावी लागत नाही आणि गुंतागुंत नसेल तर दोन-तीन दिवसांत घरी जातो.

झटका आलाय की वेळ हातात आहे?

पैशांचे सगळे निर्णय या एका प्रश्नावर अवलंबून आहेत.

ईसीजीमध्ये धमनी पूर्ण बंद झाल्याचं दिसत असेल तर तो झटका. अशा वेळी अँजिओप्लास्टी जीव वाचवते आणि प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. रुग्णालयात पोचल्यापासून 90 मिनिटांच्या आत धमनी उघडावी, असं उद्दिष्ट डॉक्टर ठेवतात. इथे दुसरं मत, भावाची तुलना, ओळखीतून सवलत, यातलं काहीही करायचं नाही.

चालताना, जिना चढताना छाती भरून येते, थांबल्यावर बरं वाटतं आणि महिनोन्‌महिने असंच चाललंय, तर ते स्थिर दुखणं. इथे सहसा वेळ हातात असतो. ‘इस्केमिया’ या मोठ्या अभ्यासात भारतासह 37 देशांतले 5,179 रुग्ण होते. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. स्थिर दुखण्यात सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने, नीट औषधोपचारांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. ज्यांच्या छातीत वारंवार दुखत होतं त्यांना मात्र अँजिओप्लास्टीने आराम पडला. डाव्या मुख्य धमनीत ब्लॉकेज असलेले किंवा हृदयाची ताकद खूप घटलेले रुग्ण या निष्कर्षात येत नाहीत. त्यांच्याबाबत डॉक्टर सांगतील तसंच करावं.

अँजिओग्राफी सुरू असतानाच बाहेर येऊन कुणी म्हणालं, ‘80 टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच करून टाकू, सही करा,’ तर शांतपणे एकच विचारा: ‘आत्ता झटका चालू आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर चित्राची सीडी आणि अहवाल घेऊन घरी यायचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवायला हजार-दोन हजार लागतील. मधुमेह असेल आणि हृदयाच्या तीनही मुख्य धमन्यांत ब्लॉकेज असतील तर हे दुसरं मत टाळूच नका. अशा रुग्णांमध्ये बायपास सरस ठरतं, हे ‘फ्रीडम’ या 2012 च्या अभ्यासात दिसलं आहे. तिथे एकामागून एक तीन-चार स्टेंट घालण्यात पैसाही जातो आणि फायदाही कमी होतो.

बिलात काय काय असतं?

वसई-विरार ते मुंबई या टापूतल्या खासगी रुग्णालयांत नुसत्या अँजिओग्राफीला साधारण 15 ते 30 हजार रुपये आणि एका स्टेंटच्या अँजिओप्लास्टीला दीड ते तीन लाख रुपये लागतात. बड्या कॉर्पोरेट रुग्णालयात आणि वरच्या वर्गाच्या खोलीत आकडा याच्याही पुढे जातो. बिलाचे ढोबळ भाग असे:

• कॅथलॅबचं, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचं, भाडं
• हृदयरोगतज्ज्ञ आणि सहायक डॉक्टरांची फी
• स्टेंट
• फुगे, तारा, मुख्य कॅथेटर, धमनीत बसवायची शीथ, फुगा फुगवायचं यंत्र
• रंगद्रव्य, इंजेक्शनं आणि औषधं
• आयसीयू आणि खोली
• रक्ततपासण्या, ईसीजी, इको

चौथ्या ओळीकडे नीट बघा. स्टेंटला कमाल भाव आहे, पण फुगे आणि तारा यांना तसा बांधलेला भाव नाही. त्यांची छापील किंमत वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, एवढंच बंधन. स्टेंटमधली कमाई आटल्यावर बिल इथे फुगू शकतं. एका साध्या ब्लॉकेजला सहसा एक-दोन तारा आणि एक-दोन फुगे पुरतात. बिलात पाच फुगे दिसले तर ‘ब्लॉकेज कठीण होतं का?’ असं विचारायला संकोच करू नका. खरंच कठीण असेल तर डॉक्टर चित्र दाखवून समजावतील.

म्हणून ‘पॅकेज किती?’ एवढंच विचारून भागत नाही. पॅकेजमध्ये किती स्टेंट, किती फुगे, किती दिवस आयसीयू धरलेत आणि त्याच्या बाहेर काय आहे, हे लेखी घ्या.

स्टेंटचा भाव

2017 च्या आधी औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी 1 लाख 21 हजारांच्या घरात होती. वकील बीरेंदर सांगवान यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर स्टेंटचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, कमाल भाव बांधले: साधा धातूचा स्टेंट 7,260 रुपये आणि औषध लावलेला 29,600 रुपये. घाऊक किंमत निर्देशांकानुसार हे भाव दर एप्रिलमध्ये बदलतात. 1 एप्रिल 2025 पासून साध्या स्टेंटला 10,692.69 आणि औषध लावलेल्या स्टेंटला 38,933.14 रुपये ही कमाल मर्यादा होती. जीएसटी वेगळा. चालू वर्षाचा आकडा एनपीपीएच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

म्हणजे दोन लाखांच्या बिलात एका स्टेंटचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. ‘परदेशी स्टेंट आहे, म्हणून लाखाचा’ असं कुणी सांगत असेल तर ते नियमाला धरून नाही. देशी असो वा परदेशी, औषध लावलेल्या सगळ्या स्टेंटना तीच मर्यादा आहे. आज जवळपास सगळीकडे औषध लावलेलाच स्टेंट घालतात आणि ते योग्यच आहे.

स्टेंटच्या खोक्यावर चिकटपट्ट्या असतात. त्यावर कंपनीचं नाव, ब्रँड, बॅच क्रमांक आणि माप लिहिलेलं असतं. मापाचे दोन आकडे म्हणजे स्टेंटचा व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये. यातली एक पट्टी तुमच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेली हवी. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवणं आणि ब्रँड, उत्पादक, बॅच क्रमांक लिहिणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. जितके स्टेंट बिलात, तितक्या पट्ट्या कार्डावर. ही मोजणी घरी निघण्याआधी करा.

जादा खर्चाची तंत्रं

• धमनीच्या आतून चित्र घेणं (आयव्हस, ओसीटी): डाव्या मुख्य धमनीत किंवा लांब, गुंतागुंतीच्या ब्लॉकेजमध्ये याचा खरा उपयोग होतो. त्याने खर्च बराच वाढतो.
• दाब मोजणारी तार (एफएफआर): ब्लॉकेज मध्यम असेल तर त्याने रक्तप्रवाह खरंच अडतोय का, हे ती सांगते. आकडा 0.80 च्या वर आला तर स्टेंटची सहसा गरज नसते. म्हणजे हा खर्च एखादा स्टेंट वाचवूही शकतो.
• रोटाब्लेशन: धमनीत चुना साचून ती दगडासारखी कडक झाली असेल तर हिऱ्याचे कण लावलेल्या टोकाने आतला थर खरवडतात.
• शॉकवेव्ह फुगा: तोच चुना ध्वनिलहरींनी फोडतात. यातली एकट्या फुग्याची किंमत लाखाच्या पुढे जाते.
• औषध लावलेला फुगा: आधी घातलेला स्टेंट आतून पुन्हा अरुंद झाला असेल किंवा धमनी फार बारीक असेल तर वापरतात.

यातलं काही लागेल असं आधी सांगितलं गेलं तर कारण आणि किंमत दोन्ही लिहून घ्या.

सरकारी योजना: आधी रेशन कार्ड काढा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळं, केशरी आणि पांढरं, अशी सगळी रेशन कार्डं बसतात. योजना आयुष्मान भारतशी जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. ‘आपलं पांढरं कार्ड, आपल्याला काही मिळत नाही’ असं मानून आपल्याकडची कित्येक बागायतदार आणि नोकरदार घरं चौकशीच करत नाहीत. हा समज आता सोडून द्या.

70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठीचे 5 लाख वेगळे धरले जातात. आधारवरून त्याची नोंदणी होते. आजी-आजोबांची कार्डं आजारपणाची वाट न बघता काढून ठेवा.

चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, रुग्णालय योजनेत असून भागत नाही. ते हृदयरोगाच्या उपचारांसाठी योजनेत आहे का, हे विचारा. दुसरी, योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. निदानाची अँजिओग्राफी योजनेत धरली जाईल का, हेही त्यांनाच विचारा. तिसरी, झटका आला असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर जोडता येतात. तेव्हा कार्ड घरी राहिलं म्हणून थांबू नका. चौथी, मंजूर झालेल्या उपचारावर ‘चांगला स्टेंट घालतो, वरचे पैसे द्या’ असं म्हणून पैसे घेता येत नाहीत. तसं झालं तर 155388 किंवा 1800 233 2200 वर तक्रार करा.

आपल्या भागात अडचण येते ती नावांची. रेशन कार्डावर ‘डिमेलो’ आणि आधारवर ‘डी मेलो’, एका कागदावर ‘घोन्साल्विस’ आणि दुसऱ्यावर ‘गोन्साल्विस’. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. आजोबांची जन्मतारीख दोन ठिकाणी दोन. मंजुरी अडते ती अशा ठिकाणी. वसईच्या पुरवठा कचेरीत जाऊन हे दुरुस्त करायला आज वेळ आहे. रुग्ण आयसीयूत असताना नसतो. नालासोपारा-वसईत भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांकडे गावचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या आयुष्मान भारतच्या रुग्णालयांतही चालतं. त्यासाठी 14555 हा क्रमांक आहे.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत महिना 21 हजारांपर्यंत वेतनावर काम करणाऱ्यांना ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, संरक्षण असतं. पुरेशी नोकरी आणि वर्गणी भरलेली असेल तर हृदयरोगाचे उपचारही त्यात बसतात. पगारपत्रकातली कपात तपासा.

मुंबईची सरकारी आणि महापालिकेची रुग्णालयं

ठरवून करायच्या अँजिओप्लास्टीसाठी परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, शीवचं लोकमान्य टिळक आणि भायखळ्याचं जे. जे. हे भक्कम पर्याय आहेत. नायरला जायचं तर विरारची फास्ट लोकल थेट मुंबई सेंट्रलला थांबते. केईएमसाठी दादरला उतरावं. योजनेत बसलात तर खर्च जवळपास शून्य. नाहीतर स्टेंट आणि साहित्य यांचा खर्च येतो, पण डॉक्टरांची फी आणि खोलीभाडं यांचं ओझं नसतं. रांग असते, तारीख पुढची मिळते आणि सोबत माणूस लागतो. स्थिर दुखण्यात गोळ्या नीट चालू ठेवून ती वाट बघता येते.

धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा

धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार रुपये. मुंबईतली काही नामांकित रुग्णालयंही यात येतात. वसईच्या तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. खाट शिल्लक नाही असं सांगितलं तर ते लेखी मागा. महात्मा फुले योजनेत काम होत नसेल तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्षाकडे अर्ज करता येतो. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखे न्यासही रुग्णांना मदत करतात. या मदतीला खर्चाचं अंदाजपत्रक आणि डॉक्टरांचं पत्र लागतं.

आरोग्य विमा

खोलीभाड्याची मर्यादा आधी बघा. मर्यादा 4 हजार असताना 8 हजारांची खोली घेतली तर डॉक्टरांच्या फीसकट कित्येक बाबी त्याच प्रमाणात कापल्या जातात. स्टेंट, औषधं आणि तपासण्या यांवर मात्र अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. रक्तदाब, मधुमेह पॉलिसी घेतानाच खरेपणाने लिहिलेले असले की दावा सहसा अडत नाही. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असा विमा नियामकाचा 2024 पासूनचा दंडक आहे.

झटका आला तर

छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, श्वास अपुरा वाटणं, यातलं काही वीस मिनिटं राहिलं तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसती दमछाक किंवा मळमळही असू शकते. 108 ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. रुग्णाला चालवू नका, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि ॲलर्जी नसेल तर ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्यावी.

पहिला ईसीजी जवळच्या जवळ काढा. गासहून मुंबई गाठायची तर नालासोपाऱ्यात रेल्वेमार्ग ओलांडून महामार्गाला लागायचं, मग वसई खाडीवरचा वर्सोवा पूल आणि पुढे घोडबंदर. तिथे कोंडी लागली तर दोन तास हा हा म्हणता जातात. ईसीजीत धमनी पूर्ण बंद दिसली आणि त्यानंतर दोन तासांच्या आत कॅथलॅबमध्ये ती उघडता येणार नसेल, तर जवळच्या रुग्णालयातच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यायचं आणि मग चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी पुढे जायचं, ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त आहे. टेनेक्टेप्लेज महाग, पण एकाच वेळी देता येतं. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ही इंजेक्शनं चालत नाहीत, ते डॉक्टर तपासतात. ‘मोठ्या रुग्णालयातच जाऊ’ या हट्टापायी हे इंजेक्शन सोडून रस्त्यात दोन तास घालवणं, हा सगळ्यात महागडा निर्णय आहे.

म्हणून आजच एक काम करा. बंगलीचं कार्डिनल ग्रेशस रुग्णालय असो की वसई, नालासोपारा, विरारमधली खासगी रुग्णालयं, फोन करून तीन प्रश्न विचारा: कॅथलॅब आहे का? रात्री दोन वाजताही चालू असते का? महात्मा फुले योजनेत हृदयरोगाचे उपचार होतात का? उत्तरं फोन नंबरांसह फ्रिजवर चिकटवून ठेवा.

घरी आल्यानंतरचा खर्च

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर, झटक्यानंतर साधारण 12 महिने आणि ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर साधारण 6 महिने चालतात. त्यानंतर एक गोळी आणि कोलेस्टेरॉलचं औषध कायमचं. जन औषधी केंद्रात हीच औषधं ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. दात काढायचाय, पैसे संपलेत, बरं वाटतंय, म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका; स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो आणि तो बहुधा पहिल्यापेक्षा भयंकर असतो. तंबाखू आणि सिगारेट सोडायला एक रुपयाही लागत नाही.

सही करण्याआधी विचारायचे सात प्रश्न

1. झटका चालू आहे का, की वेळ आहे?
2. औषधांवर भागेल का? बायपास सरस ठरेल का?
3. किती स्टेंट, कोणत्या कंपनीचे, किती किमतीचे?
4. पॅकेजमध्ये काय आहे आणि बाहेर काय?
5. एकाऐवजी दोन स्टेंट लागले तर बिल कितीने वाढेल?
6. योजना, धर्मादाय खाट किंवा विमा यातलं काय लागू होतं?
7. अँजिओग्राफीची सीडी आणि तपशीलवार बिल कधी मिळेल?

रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. स्टेंटला जादा पैसे घेतले तर एनपीपीएच्या 1800 111 255 वर आणि बाकी फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. बिल आणि चिकटपट्टी जपून ठेवली असेल तर तक्रारीला बळ येतं.

येत्या रविवारी घरात बसून रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, विम्याची पॉलिसी आणि जुने ईसीजी एका पिशवीत घाला. नावं जुळतात का बघा, सत्तरी ओलांडलेल्यांची आयुष्मान कार्डं काढा आणि ती पिशवी कुठे ठेवली आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. शेजारी एकटे राहणारे म्हातारे नवरा-बायको असतील, मुलं परदेशात असतील, तर त्यांचीही पिशवी भरून द्या.